पोर्ट गेला, असं म्हणण्याआधी

जुलैचा शेवटचा आठवडा हा परभणी जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांच्या कसोटीचा काळ. खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारण महिनाअखेरीस संपते, आणि जिंतूरपासून सोनपेठपर्यंत नऊही तालुक्यांत सातबारा आणि आधार कार्ड घेतलेली माणसं एका छोट्या खोलीच्या दारात ताटकळत उभी असतात. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला, तेव्हा ही गर्दी आणखी वाढली होती. खोलीत फारसं काही नसतं. एक जुना डेस्कटॉप, एक लेझर प्रिंटर (बहुधा कॅननचा एलबीपी २९००, हे मॉडेल तालुक्याच्या गावातून हटायला तयार नाही), एक स्कॅनर, एक वेबकॅम, माऊस, कीबोर्ड आणि अंगठा घेणारं थम्ब मशीन. या सगळ्यांच्या तारा एकाच प्रकारच्या चौकोनी भोकांत जातात.

ऐन गर्दीत थम्ब मशीनचा लाल दिवा विझतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात पाटी येते, ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’. ऑपरेटर पिन काढतो, फुंकर मारतो, परत खुपसतो. दोन-चारदा हेच करून झालं की निकाल लागतो: पोर्ट गेला. संध्याकाळी संगणक दुकानात जातो. तिथे एक तर ‘विंडोज मारून देतो’ हे उत्तर मिळतं, नाही तर ‘बोर्ड बदलावा लागेल’ हे. पहिल्यात दिवस जातो, दुसऱ्यात काही हजार रुपये. दोन्ही सल्ले कधीकधी बरोबरही असतात. पण बिघाड नेमका कोणत्या पायरीवर झाला आहे हे न पाहता दिलेला सल्ला बरोबर निघाला, तर तो निव्वळ योगायोग असतो. यूएसबीचं दुखणं पायरीपायरीनं उलगडतं, आणि कुठल्या पायरीवर अडलं हे संगणक बऱ्याचदा स्वतःच सांगत असतो. ते वाचायला मात्र कुणी थांबत नाही.

हे अवलंबित्व अचानक आलेलं नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यानंतरच्या दशकात गावातला जवळजवळ प्रत्येक सरकारी व्यवहार बोटाच्या ठशापाशी येऊन थांबू लागला. पीएम किसानची ई-केवायसी, बँक प्रतिनिधीकडून आधारवर काढायचे पैसे, निवृत्तिवेतनधारकांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, सगळीकडे अंगठा. दुसऱ्या बाजूला कार्यालयांत डिजिटल स्वाक्षरीची डोंगल आली. १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला, त्यामागे तलाठ्याची डोंगल. एप्रिल २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज आलं, तेव्हापासून ग्रामपंचायतीचे पैसे ऑनलाइन वळते करायला ग्रामसेवकाची आणि सरपंचाची डोंगल. ही सगळी यंत्रणा शेवटी साधारण बारा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच अशा एका खोबणीवर टेकलेली आहे.

खोबणीचा इतिहासही थोडा पाहण्यासारखा आहे. यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. इंटेलमध्ये त्या कामाचं नेतृत्व करणारे अजय भट्ट हे मूळचे वडोदऱ्याचे. तोवर माऊसला एक पोर्ट, प्रिंटरला दुसरा, मोडेमला तिसरा असा कारभार होता, आणि नवं उपकरण जोडायचं तर संगणक बंद करून चालू करावा लागे. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चाललं होतं. सहकाऱ्यानं यूएसबी स्कॅनर जोडला आणि भर सभेत पडदा निळा झाला. ऑपरेटरची रोजची फजिती जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या वाट्यालाही येऊन गेली आहे. पिन नेहमी उलटीच का लागते, या जागतिक कुतूहलाचं उत्तरही भट्ट यांनी देऊन ठेवलं आहे: दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा दुप्पट लागल्या असत्या आणि खर्च वाढला असता. ती सोय टाइप-सीनं दिली, पण त्यासाठी २०१४ उजाडलं.

आता मूळ प्रश्न. पिन आत गेल्यावर ओळख पटते म्हणजे काय घडतं?

साध्या यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, पाच व्होल्ट आणि ग्राउंड. दोन बोलण्याच्या, डी प्लस आणि डी मायनस. पिन नीट पाहिली तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोन पट्ट्यांपेक्षा किंचित पुढे आलेल्या दिसतात. आधी वीज पोचावी, मग संवाद सुरू व्हावा, यासाठी ही व्यवस्था. वीज मिळाली की उपकरण आतल्या दीड किलोओहमच्या रोधातून डी प्लस किंवा डी मायनस तारेचा दाब वर ओढतं. ‘कुणीतरी आलंय’ हे संगणकाला एवढ्यावरून कळतं. मग संगणक उपकरणाला रीसेट देतो आणि विचारतो: तू कोण, कुणी बनवलं, किती वीज लागेल? उपकरण आपलं वर्णन पाठवतं, त्यात उत्पादकाचा क्रमांक आणि उत्पादनाचा क्रमांक असतो. संगणक त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि त्या दोन क्रमांकांवरून ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, शोधतो. शाळेत नवा मुलगा आला की नाव, गाव, दाखला विचारून मगच हजेरीपटावर क्रमांक पडतो, तसाच हा दाखल करून घेण्याचा विधी. तो सेकंदाच्या आत उरकतो, आणि मध्येच कुठे अडला तर पुढचं सगळं खोळंबतं.

म्हणून पहिला प्रश्न: जोडल्यावर संगणक काही बोलतो का? ‘टुंग’ आवाज नाही, पाटी नाही, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधली उपकरणांची यादी जराही हलत नाही, म्हणजे दोष विजेत, तारेत किंवा खोबणीत. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं दिसलं आणि कोड ४३ आला, तर वीज पोचली, पाहुणा आल्याचंही कळलं, पण तो नाव सांगू शकला नाही. अशा वेळी हार्डवेअर आयडीच्या रकान्यात उत्पादक ०००० आणि उत्पादन ०००२ असे बनावट आकडे दिसतात, कारण खरे पोचलेलेच नसतात. कोड २८ म्हणजे नाव कळलं, पण ड्रायव्हर नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण त्याला उपकरण सुरू करता येईना. आणि यादीत सगळं ठाकठीक दिसत असूनही काम होत नसेल, तर पोर्टला दोष देण्याचं काहीच कारण उरत नाही. एवढा फरक ओळखता आला तरी दुकानाच्या अर्ध्या फेऱ्या वाचतील.

परभणीत सगळ्यांत जास्त घोळ पहिल्या पायरीवर होतो. इथे जरा थांबायला हवं, कारण बाजारातली बहुतेक मार्गदर्शक पुस्तकं ही पायरी ओलांडून थेट ड्रायव्हरवर उडी मारतात. ती बहुधा अखंड वीज असलेल्या शहरात लिहिलेली असतात.

यूएसबी २.० च्या पोर्टनं ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या निळ्या पोर्टनं ९०० मिलिअँपिअर प्रवाह द्यावा असं मानक सांगतं. पण हे पाच व्होल्ट येतात संगणकाच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, आणि त्याच्या खोक्यावर ‘४५० वॅट’ छापलेलं असलं तरी स्वस्तातला एसएमपीएस त्याच्या जवळपासही पोचत नाही. उन्हाळ्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, पंखा धुळीनं जड झालेला असतो, आणि दुपारी लाइन लो असते. अशा वेळी वेबकॅम, स्कॅनर आणि थम्ब मशीन एकाच साध्या हबवर टांगलेली असतील, तर तिघांना मिळून एकाच पोर्टचे ५०० मिलिअँपिअर वाटून घ्यावे लागतात. अंगठा घेताना मशीनचा दिवा पेटतो, प्रवाहाची मागणी वाढते, दाब खाली जातो आणि मशीन झोपतं. स्वतंत्र अडॅप्टर असलेला हब हा यावरचा साधा उपाय. पोर्टेबल हार्ड डिस्क टिकटिक आवाज करत राहते आणि दिसत नाही, त्यामागेही पुष्कळदा हीच उपासमार असते. अशी डिस्क मागच्या पोर्टला, छोट्या केबलनं जोडून पाहावी.

त्याहून मोठा आणि दुर्लक्षित विषय अर्थिंगचा. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, हा अनुभव गावोगावच्या ऑपरेटरना आहे आणि तो सगळे हसण्यावारी नेतात. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थच्या तारेला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल, तर पत्रा जमिनीच्या तुलनेत मुख्य दाबाच्या जवळपास निम्म्यावर, म्हणजे ११०-११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह क्षीण असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण यूएसबी केबलच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या बोर्डावरचा, अर्थिंग असलेला प्रिंटर असेल, तर हा भटका प्रवाह केबलच्या ग्राउंडमधून वाट काढतो. मग प्रिंटर मधूनच नाहीसा होतो, कधी संवादाच्या तारांवरचा नाजूक भाग कायमचा जळतो. अशा ठिकाणी पोर्ट खरोखरच जातो, बोर्ड बदलला की नवाही जातो, आणि दोष ‘चायना मालावर’ ढकलला जातो.

परभणीची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात ती भेगाळते. ओल गेली की मातीचा विद्युतरोध वाढतो आणि पुरलेल्या रॉडभोवतीची माती सुटून मागे सरते. पावसाळ्यात बरं चालणारं अर्थिंग मेमध्ये नावापुरतं उरतं ते यामुळे. मीठ-कोळशाचा खड्डा आणि त्यात अधूनमधून पाणी ओतणं ही जुन्या वायरमनची सवय अगदी शास्त्रशुद्ध होती. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसावा म्हणून मधली जाड पिन मोडून टाकायची रीत मात्र यूएसबीच्या मुळावर येते. तिचा हिशेब कुणी ठेवला, तर वाया गेलेल्या पोर्टांचा आकडा बराच मोठा निघेल.

खोबणी आणि केबल यांचं दुखणं त्या मानानं सरळ आहे. नेहमीचा चपटा यूएसबी जोड किमान १५०० वेळा काढघाल सहन करील, एवढीच अपेक्षा मानकात धरलेली आहे. मोबाइलच्या मायक्रो आणि टाइप-सीला ती १०,००० वेळांची. दिवसाला पाच पेनड्राइव्ह लागणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात पुढच्या पोर्टचे १५०० वर्षभरातच संपतात. शिवाय कॅबिनेटचे पुढचे पोर्ट बोर्डावर नसतातच. ते आतून एका पातळ केबलनं बोर्डावरच्या नऊ पिनांच्या जोडाला लावलेले असतात, आणि ती केबल सैल होते, उंदीरही कुरतडतात. मागचे पोर्ट थेट बोर्डावर डाखलेले. त्यामुळे पुढे चाललं नाही तर मागे लावून पाहणं ही सगळ्यांत स्वस्त चाचणी. मागे चाललं, तर बोर्ड शाबूत आहे.

खोबणीत मोबाइलच्या टॉर्चनं डोकावलं तरी पुष्कळ कळतं. आत प्लास्टिकची जीभ असते, तिच्यावर चार सोनेरी पट्ट्या. जीभ मोडलेली, पट्टी वाकलेली किंवा कापसाचे तंतू अडकलेले (मानवत परिसरात जिनिंगच्या हंगामात हे नवल नाही) असं काही दिसलं तर उत्तर तिथेच सापडतं. तोंडानं फुंकर मारणं मात्र वाईट, कारण तिच्यासोबत थुंकीचा ओलावा आत जातो आणि पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो. संगणक पूर्ण बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ ब्रशनं साफ करावं. चालू संगणकात टाचणी घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की पाच व्होल्टची पट्टी बाहेरच्या पत्र्याला टेकली की शॉर्ट होतो. काही बोर्डांवर त्यानंतर ‘यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट स्टेटस डिटेक्टेड’ अशी पाटी येते आणि पंधरा सेकंदांत संगणक स्वतःला बंद करतो. हा संदेश विषाणूचा नाही, वाकलेल्या पट्टीचा आहे. अनेक बोर्डांत पोर्टामागे स्वतः सावरणारा फ्यूज असतो. शॉर्ट काढून थंड होऊ दिलं की पोर्ट पुन्हा जिवंत होतो.

आता केबलबद्दल थोडं. मोबाइलच्या चार्जरसोबत मिळणाऱ्या कित्येक स्वस्त केबलींमध्ये बोलण्याच्या दोन तारा नसतातच. फोन चार्ज होतो, म्हणजे केबल चांगली आहे, असा समज होतो आणि फोटो काही संगणकात उतरत नाहीत. केबल चांगली असूनही हे घडतं, कारण अँड्रॉइड फोन आपोआप ‘फक्त चार्जिंग’ धरतो. कुलूप उघडून, सूचनेवर टिचकी मारून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं. लांबीलाही मर्यादा आहे. यूएसबी २.० साठी पाच मीटर. काउंटरपासून खिडकीपर्यंत स्कॅनर न्यायला दोन एक्स्टेन्शन जोडणाऱ्यांना कोड ४३ भेटतो तो इथे.

ड्रायव्हरच्या पायरीवर येताना आधी विंडोजची एक खोड सांगायला हवी. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. फास्ट स्टार्टअपमुळे गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उठते, कालच्या बिघाडासकट. ‘रीस्टार्ट’ मात्र खरी नवी सुरुवात करतं. त्यामुळे ‘रात्रभर बंद ठेवला तरी तसंच’ या तक्रारीवर रीस्टार्ट हे अगदी गंभीर उत्तर आहे. तेवढ्यानं भागलं नाही, तर प्लग काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवायचं. एरवी बंद संगणकातही बोर्डाला पाच व्होल्टची जागती वीज मिळत असते. ती पूर्ण निघून गेली की अडकलेला यूएसबी नियंत्रक नव्यानं सुरू होतो. लॅपटॉपवर काही वेळ बरं चालून मशीन गायब होत असेल, तर वीज वाचवण्यासाठी विंडोज काम नसलेल्या पोर्टला झोपवत असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ती खूण काढली की प्रश्न मिटतो.

कधी दोष खरोखर वरून येतो. फेब्रुवारी २०१८ च्या विंडोज १० अद्यतनानंतर काही संगणकांवर यूएसबी उपकरणं बंद पडली आणि मायक्रोसॉफ्टला ते मान्य करावं लागलं. २०२१ मध्ये एएमडीच्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी मधूनच तुटत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. उपाय बायोसच्या नव्या आवृत्तीतून आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर विंडोजच्या दुरुस्ती-पडद्यावरच यूएसबी माऊस आणि कीबोर्ड चालेनासे झाले, म्हणजे डॉक्टरच्या खोलीचं दारच बंद. आठवड्याभरात तातडीचं अद्यतन काढावं लागलं. परभणीत हे अपवाद. इथे उलटंच जास्त दिसतं. २०१५ नंतरच्या इंटेल बोर्डांवर हट्टानं विंडोज ७ टाकायला घेतात आणि इन्स्टॉलेशनच्या पहिल्याच पडद्यावर माऊस-कीबोर्ड मरतात, कारण त्या बोर्डांतून जुना यूएसबी नियंत्रक काढलेला आणि विंडोज ७ च्या डीव्हीडीत नव्याचा ड्रायव्हर नाही. पोर्ट चांगला, माऊस चांगला, फक्त दोघांचा काळ वेगळा.

विंडोज ७ सोडवत नाही याला एक मराठी कारणही आहे. लग्नपत्रिका, निविदा आणि स्थानिक साप्ताहिकं छापणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत पुण्याच्या मोड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही फॉन्टप्रणाली वर्षानुवर्षं वापरात आहे. तिचं लॉक, म्हणजे डोंगल, लावलेलं नसेल तर फॉन्टचं काम थांबतं. अशी लॉक पूर्वी प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर बसत, पुढे यूएसबीवर आली. जुन्या लॉकचे ड्रायव्हर ३२ बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेले, आणि ६४ बिटांची विंडोज स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. लग्नसराईच्या तोंडावर ‘विंडोज मारून देतो’ या सल्ल्याची सर्वांत मोठी किंमत हा डीटीपीवाला मोजतो.

नकली चिपांचा मामला आणखी वेगळा. वजनकाट्याला, बारकोड वाचकाला किंवा जुन्या मोजणी-उपकरणाला संगणकाशी जोडणाऱ्या सिरियल केबलींत एफटीडीआय किंवा प्रोलिफिक कंपनीची चिप असते, किंवा तिची नक्कल. २०१४ मध्ये एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्यानं नकली चिपांचा उत्पादन क्रमांकच शून्य करून टाकला. हजारो निरपराध ग्राहकांची उपकरणं एका रात्रीत अनोळखी झाली. ओरड झाल्यावर कंपनीनं ड्रायव्हर मागे घेतला. प्रोलिफिकचे नवे ड्रायव्हर नकली आणि जुन्या चिपांना कोड १० देऊन दारातच अडवतात. ग्राहकाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या लेखी पोर्ट गेलेला असतो.

थम्ब मशीनची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची, आणि जिल्ह्यातल्या तक्रारींचं केंद्र तीच आहे. अहमदाबादच्या मंत्रा कंपनीचं एमएफएस १००, मॉर्फोचं एमएसओ १३००, स्टारटेकचं एफएम २२० ही नावं ऑपरेटरना तोंडपाठ. २०१७ पासून आधार प्राधिकरणानं नोंदणीकृत उपकरणांची अट घातली. ठसा मशीनमधून बाहेर पडतानाच कुलूपबंद व्हावा म्हणून संगणकावर ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा प्रोग्रॅम चालू असावा लागतो. म्हणजे मशीन डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्यवस्थित दिसत असलं तरी ही सेवा बंद असेल, तिची वार्षिक मुदत संपली असेल किंवा अँटिव्हायरसनं तिची वाट अडवली असेल, तर सरकारी संकेतस्थळ ‘डिव्हाइस नॉट रेडी’च म्हणणार. पोर्ट बदलून, केबल बदलून, कपाळाला हात लावून काही होत नाही. जुन्या संगणकात बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. वीज गेली की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि वेळेवर बेतलेली आधारची पडताळणी नकार देते. घड्याळाकडे एक नजर टाकली असती तर किरकोळ पैशांत काम झालं असतं.

याच्याही पुढे आहे तो एरर ३००. त्याचा अर्थ मशीन चालू, सेवा चालू, ठसाही गेला, पण आधारच्या नोंदीशी जुळला नाही. कापूस वेचून, ऊस तोडून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाला ऑपरेटर ‘मशीन घेत नाही’ म्हणतो, आणि यूएसबी तुटली तरी तेच म्हणतो. दोन्हींचे रस्ते वेगळे. पहिल्यात काच पुसणं, बोट किंचित ओलसर करणं, दुसरं बोट लावणं आणि शेवटी आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घेणं. दुसऱ्यात वर सांगितलेल्या पायऱ्या. गंगाखेडच्या एखाद्या म्हातारीला हा फरक सांगितला नाही, तर तिचा दिवस आणि एसटीचं भाडं दोन्ही वाया जातात.

डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलचं थोडक्यात. ती पेनड्राइव्हसारखी दिसते, पण पेनड्राइव्ह नव्हे. आत स्मार्ट कार्ड असतं. त्यामुळे ‘माय कॉम्प्युटर’मध्ये तिचा ड्राइव्ह दिसला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. काही डोंगली आधी सीडी ड्राइव्हचं सोंग घेतात, त्यातूनच ड्रायव्हर टाकायचा असतो. डोंगल दिसते पण सही होत नाही, तर प्रमाणपत्राची तारीख पाहावी. चुकीचा पिन क्रमांक पुन्हा पुन्हा टाकला की टोकन स्वतःला कुलूप लावून घेतं, आणि मग जगातला कुठलाही पोर्ट ते उघडू शकत नाही.

पेनड्राइव्हच्या बाबतीत लोक नेमकं चुकीच्या ठिकाणी धीर सोडतात. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विंडोज विचारतं आणि घाईत ‘हो’ दाबलं जातं. त्या क्षणी उपकरण ओळखलेलं असतं, फक्त आतली मांडणी वाचता येत नसते. डेटा बहुधा जागेवर असतो. लग्नाचं चित्रीकरण असलेला पेनड्राइव्ह असेल तर आधी ‘नाही’. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्ह दिसतो पण अक्षर नाही, तर अक्षर दिलं की काम झालं. ‘नो मीडिया’ आणि शून्य बाइट दिसत असेल, तर नियंत्रक जिवंत, स्मृती मेलेली. काहीशे रुपयांत दोन टेराबाइट देणारे पेनड्राइव्ह हे तर सरळ फसवणुकीचे. त्यांचा नियंत्रक खोटा आकार सांगतो, आणि खरी जागा भरली की पुढच्या फाइली हवेत जातात. बँका आणि सरकारी कार्यालयं आपल्या संगणकांवर पेनड्राइव्ह मुद्दाम बंद करतात. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या विषाणूनं यूएसबीवरून काय करता येतं ते दाखवल्यावर त्यांना दोष देता येत नाही. तिथे माऊस चालतो आणि पेनड्राइव्ह चालत नाही, एवढ्यावरूनच ते धोरण ओळखावं.

बिनतारी माऊस अडखळत असेल, तर त्याच्या शेजारच्या निळ्या पोर्टात हार्ड डिस्क आहे का ते पाहावं. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलनंच २०१२ मध्ये मोजून प्रसिद्ध केलं आहे. रिसीव्हर दूरच्या पोर्टात लावला की बस.

हे सगळं करूनही शंका उरली तर एक चाचणी निर्णायक, आणि तालुक्याच्या दुकानांत ती क्वचितच केली जाते. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह करून संगणक त्यावरून सुरू करायचा. विंडोजला हात लागत नाही. तिथे थम्ब मशीन जोडून टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ लिहिलं की जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची ओळ येते. ओळ आली, तर पोर्ट, केबल आणि मशीन तिन्ही निर्दोष, दोष विंडोजमध्ये. ओळ आली नाही आणि दुसऱ्या संगणकावर तेच मशीन चालतं, तरच पोर्टावर ठपका. तेव्हासुद्धा बोर्ड बदलायची घाई नको. डेस्कटॉपमध्ये काहीशे रुपयांचं पीसीआय एक्स्प्रेस यूएसबी कार्ड बसवलं की नवे पोर्ट मिळतात. बऱ्याच लॅपटॉपांत एका बाजूचे पोर्ट वेगळ्या छोट्या पट्टीवर असतात, ती पट्टी सुटी मिळते. परभणीच्या स्टेशन रोडवरच्या कारागिराला हे ठाऊक नसतं असं नाही. गर्दीत विचारणाराच कुणी नसतो.

येत्या काळात ही डोकेदुखी कमी व्हायची चिन्हं नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. एच ६१ बोर्डावरचे, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय थ्रीचे संगणक, जे सेवा केंद्रांत अजून सर्रास आहेत, अधिकृतपणे विंडोज ११ वर जाऊ शकत नाहीत. दुसरीकडे आधार प्राधिकरणानं जुन्या एल-झिरो मशीनांच्या जागी एल-वन मशीनं आणली आहेत, ज्यांत ठसा यंत्राच्या आतल्या सुरक्षित चिपमध्येच कुलूपबंद होतो. नवं मशीन, जुना संगणक, मधे तीच चौकोनी खोबणी. असं मशीन घेताना काउंटरवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: ड्रायव्हर कुठल्या विंडोजचा, आरडी सर्व्हिसची मुदत किती, आणि केबल सुटी बदलता येते की यंत्रालाच कायमची जोडलेली आहे.